खालाच्या अंगणाचा जोडफोटो

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन गोष्टींचा दुष्काळ होता, पाण्याचा आणि अण्णांच्या शहाणपणाचा, असं आई येईल त्याला सांगायची. पाण्याचा तर सगळ्या मराठवाड्यालाच होता. नळ कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळापुढं हंडे, कळश्या, तेलाचे रिकामे डबे यांची रांग कायमचीच लागलेली. माणसं नसायची, नुसती भांडी उभी. एखाद्याची घागर पुढं सरकली की चार घरांतून चार जणी धावत यायच्या, यथेच्छ भांडायच्या आणि पुन्हा सावलीला जाऊन बसायच्या. जेवायला मिलोची भाकरी, म्हणजे परदेशातून आलेली ती लाल ज्वारी. थापतानाच तिला चिरा पडायच्या आणि आई तव्यापुढं बसून त्या ज्वारीला नावं ठेवायची. सोबत लसणाची चटणी असेल तर घास उतरायचा, नाहीतर पाण्याबरोबर ढकलावा लागायचा, आणि पाणी तर मोजूनमापून.

अण्णांच्या शहाणपणाचं म्हणाल तर ते हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि मोडक्या वस्तूंवर त्यांचा भारी जीव. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात आईनं त्यांना बादली आणायला पाठवलं, तर हे महाशय बगलेत लाकडाचं एक विचित्र यंत्र घेऊन परत आले. खाली मूठ, वर डोळ्यांना लावायची झापड, तिच्यात शेजारी शेजारी दोन भिंगं, आणि समोर एक पुढं-मागं सरकणारी पट्टी. पट्टीवरच्या तारेत एक पुठ्ठा खोचायचा. पुठ्ठ्यावर एकाच देखाव्याचे दोन फोटो, डावीकडं एक, उजवीकडं एक. आई म्हणाली, बादली कुठाय? अण्णा म्हणाले, आधी यातून बघ. आईनं बघितलं नाही. मी बघितलं.

अगं बाई गं! अजून अंगावर काटा येतो. मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते, सगळं कळतं असा तोरा होता, आणि त्या भिंगांतून बघताना मी चक्क हात पुढं केला. कुठल्यातरी थंड मुलखातला बर्फ अगदी नाकापुढं, त्याच्या मागं झाडं, झाडांच्या मागं डोंगर. डोंगर मी चित्रांत पुष्कळ पाहिले होते. पण झाड आणि डोंगर यांच्या मधली जागा, ती रिकामी हवा, ती मी पहिल्यांदा बघत होते. अण्णा मागून आनंदानं सांगत होते की एक फोटो डाव्या डोळ्याच्या जागेवरून काढलेला, दुसरा उजव्या, आणि डोकं दोन्ही जोडून खोली तयार करतं. मला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. मला ते पुन्हा बघायचं होतं. दोन दिवसांत अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर येऊन बर्फ बघून गेली, आणि घशाला कोरड पडलेली ती माणसं बर्फ बघून कशी हसत होती, काय सांगू! आता माझा नातू डोळ्यांवर काळा डबा बांधून बैठकीत हवेत हात मारत बसतो आणि मला म्हणतो, आजी, तुला नाही कळायचं हे.

फक्त खाला आली नव्हती. खाला म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, आणि नात्यानं सगळ्या गल्लीचीच मावशी. तिचा नवरा, आमचा खालूजान, कधीच गेला होता. एकुलती लेक सिल्लोडला दिलेली. लहानपणी देवी आल्या तेव्हा खालाचा डावा डोळा गेला तो गेलाच, पांढरा झाला होता. पण जन्मापासून रोज बघितलेल्या माणसाचा डोळा कोण बघतं? आम्हाला आठवायची ती तिची मान. सुईत दोरा ओवताना, दुधावर साय आली का पाहताना, दारात कोण आलं ते निरखताना खाला मान आधी डावीकडं न्यायची, मग उजवीकडं, हळूहळू, झोका घेतल्यासारखी. गल्लीतली पोरं तिची नक्कल करायची. मीही केली आहे, आणि खालानं पाहून हसत माझ्या हातावर खजूर ठेवला आहे. ईदेला तिच्याकडून शीरखुर्मा यायचा आणि संक्रांतीला आमच्याकडून तिळगूळ जायचा. दुष्काळात दूध मिळेना तर तिनं नुसत्या खारका आणि शेवया पाठवल्या होत्या, वर निरोप, की दूध पुढच्या साली.

तिचं घर तसं साधं, पण अंगण! दारातून आत पाऊल टाकलं की आधी हौद, हौदापलीकडं डाळिंबाचं झाड, झाडामागं तीन कमानींची ओसरी, आणि ओसरीत पार आत, भिंतीशी, खालूजानचा तख्तपोस, म्हणजे बसायची लाकडी चौकी. एकामागं एक, एकामागं एक. हौद त्या वर्षी कोरडा ठणठणीत होता, पण डाळिंब खालानं जगवलं होतं. हात धुतलेलं, भांडी विसळलेलं सगळं पाणी त्याला. आमच्याकडचं तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा आई रोज भिंतीवरून तिकडं द्यायची. आणि हे सगळं जाणार होतं. शहर वाढत होतं, रस्ता रुंद करायचा ठरलं होतं, आणि नगरपालिकेच्या माणसांनी खालाच्या दारावर लाल रंगाची फुली मारली होती. आमच्या घराचा नुसता ओटा जाणार होता. रेघ तिथून वळत होती. खालाचं मात्र अंगण पुरतं त्या रेघेच्या आत. तिनं कुणाशी भांडण केलं नाही. जावई ट्रक घेऊन येणार आणि ती सिल्लोडला लेकीकडं जाणार, एवढं ठरलं होतं.

जाण्याआधी अंगणाची आठवण म्हणून तिच्या लेकीनं स्टुडिओवाल्याकडून एक मोठा फोटो काढून घेतला. खाला तो घेऊन आमच्याकडं आली. फोटो स्वच्छ होता, कमानीची नक्षीसुद्धा दिसत होती. खालानं तो समोर धरला, नेहमीसारखी मान इकडून तिकडं नेली, परत आणली, आणि फोटो पालथा घालून ठेवला.

"चपटा है, मास्तर," ती अण्णांना म्हणाली. "अनार कमान को चिपक गया. मेरा आंगन ऐसा नै. ये तो मुर्दा है."

घर जाऊ दे, म्हणाली, घराचं काय, लेकीकडं घर आहे. पण तिथं खाटेवर बसून डोळे उघडले की अंगण दिसावं, एवढीच तिची इच्छा. अनार अलग, कमान अलग, मागं तख्तपोस अलग. आणि तेच त्या फोटोत नव्हतं. मी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी माझ्याकडं. आमच्या दोघांच्या डोक्यात एकच दिवा लागला. आईनं तो लागलेला पाहिला आणि कपाळावर हात मारला.

झालं, घराचा कारखाना झाला. आमच्याकडं एक साधा डबा-कॅमेरा होता, एका वेळी एकच फोटो काढणारा. अण्णांचं म्हणणं, एकदा काढायचा, कॅमेरा दोन डोळ्यांतल्या अंतराएवढा बाजूला सरकवायचा, पुन्हा काढायचा. पण सरकवताना तो वर-खाली किंवा तिरका होता कामा नये. त्यांनी आईचा जेवायला बसायचा पाट पळवला, त्यावर दोन पट्ट्या ठोकल्या आणि मधल्या खाचेत कॅमेरा बसवला. डोळ्यांतलं अंतर ठरवायला त्यांनी भूमितीचा कर्कटक घेतला आणि घरातल्या सगळ्यांचे डोळे मोजले. माझे, स्वतःचे, भाजी फोडणीला टाकत असलेल्या आईचे. आई ओरडली, अहो, डोळा फुटेल माझा! आमच्या यंत्राला आम्ही नाव दिलं पाटकॅमेरा, आणि फोटोंना जोडफोटो.

पहिला रोल आम्ही इकडंतिकडं उडवला. सगळ्यांत झकास विषय निघाला तो नळापुढची भांड्यांची रांग. माणसं दोन फोटोंच्या मध्ये हलतात आणि मग भुतासारखी दिसतात. हंडे बिचारे हलत नाहीत. आता प्रश्न आला फिल्म धुण्याचा. स्टुडिओवाला म्हणाला, मास्तर, छापून देतो, पण धुवायला पाणी तुमचं. मग अण्णा सायकलच्या दोन्ही बाजूंना दोन डबे लावून पाणी घेऊन निघाले, आणि आईचा पारा चढला. माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही फोटोंना आंघोळ घालता? त्या दिवशी भाकरी ताटात आपटून वाढली गेली.

फोटो आले, मी ते कापून पुठ्ठ्यावर चिकटवले, आणि भिंगांतून बघितलं तर आमच्या घरामागच्या आटलेल्या आडाचा झाला होता मनोरा! आत खोल जायच्या ऐवजी आड वर उठून छातीवर येत होता आणि त्याच्यामागची भिंत पुढं. अण्णा आनंदानं टाळ्या पिटत म्हणाले, डावा उजवीकडं लागलाय, उजवा डावीकडं. पुठ्ठा फाडून नीट लावला आणि आड सर्रकन खाली गेला. खाली, खाली, पार तळाच्या कोरड्या दगडांपर्यंत. आईलाही राहवलं नाही. तिनं हात पुसले, यंत्र डोळ्यांना लावलं. मग म्हणाली, तळाशी माझा तांब्या दिसतोय गं, हरवलेला. तो खरंच तिथं होता. त्या दिवसापासून आई आमच्या बाजूची झाली.

दुसरा रोल खालासाठी राखून ठेवला होता. पण उन्हाळी वारा! डाळिंबाची फांदी दोन फोटोंच्या मध्ये जराही हलली की सगळं वाया. आम्ही रोज पहाटे जाऊन झाडाकडं टक लावून बसायचो आणि रोज कुठून तरी झुळूक यायची. एकेक करून रोल संपत आला, शेवटच्या जोडीपुरता उरला. बाजारात फिल्म मिळत नव्हती. आणि त्या सकाळी गल्लीत पहारी वाजायला लागल्या. खालाच्या शेजारचं घर पाडायला घेतलं होतं. नंतर पाळी तिचीच. धक्क्यानं कमानींतून माती गळत होती, धुळीचा लोट अंगणात येत होता, आणि अण्णा पाटकॅमेऱ्यावर स्वतःचं धोतर धरून उभे. मला राहवेना. मी तशीच बाहेर पळाले. पाडकाम करणारी माणसं वैजापूरकडची, दुष्काळानं गाव सोडून आलेली. मी त्यांच्यातल्या मोठ्या बाईला हात जोडून सांगितलं, की आत एक म्हातारी आहे, तिच्या अंगणाचा शेवटचा फोटो काढायचाय, जरा थांबाल का?

तिनं पहार भिंतीला टेकवली. "थांबतो की पोरी, आमचं बी घर सुटलंय," म्हणाली. "पर लई येळ नाय."

पहारी थांबल्या. धूळ बसली. काय तो क्षण! गल्लीत कधी नसते अशी शांतता, वारा पडलेला, डाळिंबाचं पान हलेना. अण्णांनी डावा काढला. खट्. मी श्वास धरून कॅमेरा सरकवला. आणि अण्णांचं बोट खटक्यावर असतानाच ओसरीतून खालाची कोंबडी, तिला ती बेगम म्हणायची, ती ठुमकत ठुमकत थेट हौदाच्या काठावर येऊन उभी. खट्. रोल संपला. अण्णांनी डोकं धरलं. बाहेर पहारी पुन्हा सुरू झाल्या.

खालानं आम्हाला धीर दिला. ती आत गेली आणि एक भरलेली बादली घेऊन आली. धुवायला पाणी लागतं ना, म्हणाली. ते पाणी डाळिंबाचं होतं. अण्णा नको नको म्हणत राहिले. ती म्हणाली, झाडाला आता काय करायचंय? आई भिंतीपलीकडून ऐकत होती. तिनं डोळ्याला पदर लावला.

फोटो हातात येईपर्यंत अंगण गेलं होतं. हौद विटामातीनं भरला, डाळिंब मुळासकट बाजूला टाकलं, आणि खाला आपल्या दोन ट्रंका नि बेगमला घेऊन आमच्या मधल्या खोलीत राहायला आली होती. जावयाचा ट्रक दुसऱ्या दिवशी येणार. मी पुठ्ठा तयार केला आणि आधी स्वतः बघितलं. सांगते, तसा फोटो मी पुन्हा पाहिला नाही. हौद, मग हवा, मग डाळिंब, मग हवा, मग कमान, आणि पार आत अंधारात तख्तपोस, जणू खालूजान आत्ताच उठून गेलाय. हौदावरची कोंबडी मात्र एकाच फोटोत, म्हणून ती थरथरत होती, धड होती आणि नव्हती. अण्णांना तेवढंच खुपत होतं. मी म्हटलं, राहू द्या हो, खालाला चालेल.

तिला आम्ही खिडकीपाशी बसवलं. सगळे भोवती. अण्णांनी यंत्र तिच्या डोळ्यांना लावलं आणि शाळेत सांगतात तसं सांगितलं, खाला, आता मान अजिबात हलवू नका. ती बिचारी सरळ बसली. बघितलं. "अच्छा है," म्हणाली. अण्णांनी पट्टी पुढं सरकवली. आता? "हौ, अच्छा है." मागं सरकवली. आता उठून दिसतं का? मान हलवू नका हं. "बहोत अच्छा है, मास्तर." तिचा आवाज मला ओळखीचा होता. लेकीनं पाठवलेली, न आवडलेली साडी नेसून दाखवताना ती असंच बोलायची. अण्णा पुन्हा पट्टीला हात घालणार, तेवढ्यात आई त्यांच्या मागं येऊन हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, त्यांना एकच डोळा आहे."

अण्णांचा हात पट्टीवरून खाली आला. घरादाराचे डोळे कर्कटकानं मोजणारे आम्ही, भूगोलाचे मास्तर आणि कॉलेजात जाणारी त्यांची लेक, आम्ही दोन डोळ्यांचा फोटो काढला होता एका डोळ्याच्या बाईसाठी. आणि पुन्हा काढायला अंगण नव्हतं. अण्णा मटकन खाली बसले. खाला, माफ करा, एवढंच त्यांच्या तोंडून आलं. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

खालाला आमचीच दया आली असणार. नक्को रो, बेटी, म्हणाली, आणि आम्हाला बरं वाटावं म्हणून तिनं यंत्र पुन्हा उचललं. आता तिला मान सरळ ठेवा म्हणणारं कोणी नव्हतं. तिनं झापड डोळ्यांपासून बोटभर लांब धरली, आणि नेहमीसारखी, सुईत दोरा ओवताना नेते तशी, मान हळूहळू डावीकडं नेली. तिचा एक डोळा उजव्या भिंगावरून डाव्या भिंगावर गेला. मग मान उजवीकडं. डोळा डाव्यावरून उजव्यावर. ती थांबली. पुन्हा डावीकडं. पुन्हा उजवीकडं, जरा जलद.

"हला," खाला म्हणाली.

अण्णांनी मान वर केली.

"अनार हला, मास्तर. कमान के सामने से हला." मान झोके घेत होती आणि ती बोलत होती. "वो पीछे तख्त. वो अनार. अलग, अलग." मग एकदम तिला हसू फुटलं, पदर तोंडावर धरून, पोरीसारखं. "बेगम आई! गई. आई! गई!"

कोंबडी येत होती आणि जात होती. आमची चूक खालाच्या अंगणात हौदाच्या काठावर येत होती आणि जात होती. अण्णा ताडकन उठले, खोलीभर फिरले, एक डोळा मिटून त्यांनीही मान हलवून बघितलं आणि ओरडले, अरे, खाला सारख्या अशाच बघतात! जन्मभर अशाच बघत आल्या! आई हसत होती, मी रडता रडता हसत होते, आणि ट्रंकेवर बसलेली खरी बेगम आमच्याकडं बघून कावत होती. संध्याकाळी आईनं गूळ घालून शेवया केल्या, बिनदुधाच्या. त्या किती गोड लागल्या म्हणून सांगू!

यंत्र अर्थातच खालाबरोबर सिल्लोडला गेलं. पुढं मी तिला भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर बसून मान झुलवत होती आणि नातवंडांना वाटायचं नानी जप करते. आमचा ओटा, नळ, भांड्यांची रांग, काहीच आता राहिलं नाही. तिथून जाताना रिक्षावाल्याला सांगायलाही खूण उरली नाही. अण्णांनी चष्मेवाल्याकडून दोन भिंगं आणून दुसरं यंत्र बनवलं, ते आणि फोटोंच्या दुसऱ्या प्रती माझ्या कपाटात आहेत. पुष्कळांना दाखवलं. सगळे म्हणतात, वा, किती खरं वाटतं, फक्त कोंबडी जरा बिघडलीय.

मागच्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, वाचायची बंदी, घरात करमेना. मी कपाट उघडलं, ते यंत्र काढलं, खालाचा पुठ्ठा तारेत खोचला आणि झापड बोटभर लांब धरली. मान डावीकडं नेली. मग उजवीकडं. सून दारातून बघत होती. घाबरून पुढं आली आणि म्हणाली, आई, मान का हलतेय, चक्कर येतेय का?

"थांब गं जरा," मी म्हटलं. "बेगम आलीय."